अमेरिकेत जवळची नर्स प्रॅक्टिशनर शोधणं आणि तिचं लायसन्स तपासणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या एका क्लिनिकमध्ये क्रेडेन्शियलिंगचं काम करते. नवीन डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर रुजू होण्याआधी त्यांची पदवी, लायसन्स आणि सर्टिफिकेशन मूळ ठिकाणाहून पडताळून घ्यायचं, हे माझं रोजचं काम. ओळखीतल्या मराठी घरांतून मला वर्षानुवर्षं तेच प्रश्न येतात. कुणाची आई भारतातून आलेली असते, कुणी नवीन गावात घर घेतलेलं असतं, कुणाला मुलासाठी कुणीतरी लगेच हवं असतं. मी पगार घेऊन जे करते त्यातलं निम्मं तरी तुम्हाला घरबसल्या आणि फुकट करता येतं. दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती अपॉइंटमेंटच्या आधी काढा, एवढंच माझं सांगणं आहे.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे नर्स की डॉक्टर?

नर्सच, पण पुढचं शिक्षण घेतलेली आणि स्वतः तपासून निदान करण्याची परवानगी असलेली. आपल्याकडे "नर्स" म्हटलं की इंजेक्शन देणाऱ्या, पट्टी बदलणाऱ्या सिस्टर डोळ्यांसमोर येतात आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. एका ओळखीच्या मुलीचे वडील इथे आल्यावर मधुमेहासाठी क्लिनिकमध्ये गेले. घरी आल्यावर म्हणाले, "डॉक्टर आलेच नाहीत, नर्सनेच तपासून पाठवलं." त्यांना तपासणाऱ्या बाई नर्स प्रॅक्टिशनर होत्या. त्यांनी पायांची संवेदना तपासली होती, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या, औषधाचा डोस बदलला होता. भेट पूर्ण झाली होती, पण बिल्ल्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं.

रस्ता साधारण असा असतो. आधी नर्सिंगची पदवी, मग एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा आणि आरएनचं म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स. त्यानंतर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, त्यात रुग्णांसोबत प्रत्यक्ष कामाचे तास. ही किमान अट बरीच वर्षं ५०० तासांची होती, २०२२ च्या नव्या निकषांत ती ७५० झाली. मग ठरावीक रुग्णगटाची राष्ट्रीय परीक्षा आणि शेवटी राज्याची वेगळी परवानगी. फॅमिली मेडिसिनच्या डॉक्टरला मेडिकल स्कूलनंतर किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी करावी लागते. दोन्ही शिक्षणं एकसारखी नाहीत आणि तसं भासवण्याची गरजही नाही. रक्तदाब, मधुमेह, घसा, कान, लसी, वार्षिक तपासणी अशा रोजच्या दुखण्याखुपण्याला नर्स प्रॅक्टिशनर पुरेशा असतात. गुंतागुंतीचं काही दिसलं की तज्ज्ञाकडे पाठवणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

ही कल्पना १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाली. लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी मुलांच्या आरोग्यसेवेसाठी पहिला अभ्यासक्रम आखला. डॉक्टर पोचत नव्हते तिथल्या मुलांपर्यंत पोचायचं, हा हेतू होता.

त्या औषधं लिहून देऊ शकतात का? त्यावर डॉक्टरची सही लागते का?

औषधं त्या सगळ्याच राज्यांत लिहून देऊ शकतात. डॉक्टरशी करार लागतो की नाही, हे मात्र राज्यावर आहे. वॉशिंग्टन, ओरेगन, ॲरिझोना, कोलोरॅडो अशा राज्यांत त्या स्वतंत्रपणे काम करू शकतात. टेक्ससमध्ये औषधं लिहिण्यासाठी डॉक्टरबरोबर लेखी करार असावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तासांहून जास्त अनुभव असलेल्यांची लेखी कराराची अट २०१५ मध्ये निघाली. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून अनुभवी नर्स प्रॅक्टिशनरना टप्प्याटप्प्याने मोकळीक दिली. व्यसन लावू शकणाऱ्या, कडक नियंत्रणातल्या औषधांना वेगळी नोंदणी लागते आणि त्यावर काही राज्यांची जास्त बंधनं आहेत. तुमच्या औषधांत असं काही असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. नाहीतर तिथे जाऊन परत फिरावं लागतं.

जवळपास कुठे शोधायची?

इन्शुरन्स असेल तर सुरुवात इन्शुरन्स कंपनीच्या यादीपासून करा, पण शेवट तिथे करू नका. या याद्या फार शिळ्या असतात. मी स्वतः घर बदललं तेव्हा यादीतल्या पहिल्या नावाला फोन केला, तर त्या बाई ते क्लिनिक सोडून दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या ठिकाणी "नवीन पेशंट घेत नाही" असं उत्तर मिळालं. तिसऱ्या फोनला अपॉइंटमेंट मिळाली. म्हणून यादीतून तीन-चार नावं काढा, क्लिनिकला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा : त्या अजून इथेच काम करतात का, नवीन पेशंट घेतात का, आणि माझ्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहेत का. प्लॅनचं नाव कार्डावर आहे तसंच्या तसं वाचून दाखवा. एकाच कंपनीचे अनेक प्लॅन असतात आणि बिलाचा घोळ तिथेच होतो.

मेडिकेअर हा मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा. तो असलेल्यांसाठी मेडिकेअरच्या वेबसाइटवर "केअर कम्पेअर" हा शोध आहे. पिनकोड टाकला की जवळच्या नर्स प्रॅक्टिशनरही दिसतात. इन्शुरन्स नसेल किंवा तुटपुंजा असेल तर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यातल्या एचआरएसए या विभागाचा "फाइंड अ हेल्थ सेंटर" हा शोध वापरा. त्यातली केंद्रं उत्पन्न पाहून फी ठरवतात आणि पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. अशा केंद्रांमध्ये नर्स प्रॅक्टिशनर मोठ्या संख्येने काम करतात, आणि माझ्या मते आपले लोक त्यांच्याकडे उगाच पाठ फिरवतात.

साध्या सर्दी-तापासाठी औषधांच्या दुकानातली छोटी क्लिनिकं चालतात. तिथे बहुधा नर्स प्रॅक्टिशनरच भेटतात. कायमची देखभाल करणारी व्यक्ती हवी असेल तर मात्र फॅमिली प्रॅक्टिस शोधा. तिथे तुमची फाइल एका जागी राहते आणि तुम्हाला ओळखणारं माणूस असतं.

नावापुढच्या इतक्या अक्षरांचा अर्थ काय?

तीन गोष्टी एका ओळीत कोंबलेल्या असतात : पदवी, लायसन्स आणि सर्टिफिकेशन. एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) किंवा डीएनपी (डॉक्टरेट) ही पदवी. आरएन, एपीआरएन हे लायसन्स. एफएनपी-बीसी, एफएनपी-सी यांसारखं शेवटी येतं ते राष्ट्रीय सर्टिफिकेशन.

शेवटच्या बीसी आणि सीवरून लोक गोंधळतात, एक वरचं आणि एक खालचं असं समजतात. तसं नाही. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरची परीक्षा दोन संस्था घेतात. एएनसीसीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या बीसी लावतात, एएएनपीसीबीची उत्तीर्ण झालेल्या सी लावतात. राज्यांच्या लेखी दोन्ही सारख्याच. मुलांसाठीचं सीपीएनपी हे पीएनसीबी ही संस्था देते. नवजात बाळांचं एनएनपी-बीसी आणि स्त्रियांच्या आरोग्याचं डब्ल्यूएचएनपी-बीसी एनसीसीकडून मिळतं. मानसिक आरोग्यासाठी पीएमएचएनपी-बीसी.

राज्यागणिक लायसन्सचं नावही बदलतं. न्यू जर्सीत एपीएन म्हणतात, पेनसिल्व्हेनियात सीआरएनपी, टेक्ससमध्ये एपीआरएन. एपीआरएन हे मोठ्या गटाचं नाव आहे. त्यात नर्स प्रॅक्टिशनरबरोबर भूल देणाऱ्या नर्स, नर्स-मिडवाइफ आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टही येतात. म्हणून नुसतं एपीआरएन वाचून थांबू नका, पुढचा प्रकारही बघा.

आमच्या गरजेला कोणती नर्स प्रॅक्टिशनर योग्य?

माझ्या मते खरा तपास इथे आहे आणि बहुतेक जण तो वगळतात. लायसन्स खरं आहे की नाही याची सगळ्यांना धास्ती असते, आणि ते बहुतेक वेळा खरंच निघतं. चुकतं ते वेगळंच : माणूस खरा असतो, पण त्याचं शिक्षण वेगळ्या रुग्णांसाठी झालेलं असतं.

फॅमिली म्हणजे एफएनपी असेल तर लहान मुलापासून आजीपर्यंत सगळे, पण बाह्यरुग्ण विभागातली रोजची देखभाल. अडल्ट-जेरॉन्टॉलॉजी असेल तर मोठी मुलं, प्रौढ आणि वृद्ध. पाच वर्षांचं मूल त्यांच्याकडे न्यायचं नाही. प्रौढांच्या आणि मुलांच्या गटात पुन्हा दोन भाग आहेत : प्रायमरी केअर आणि अक्यूट केअर. अक्यूटवाल्यांचं शिक्षण हॉस्पिटलमधल्या गंभीर रुग्णांसाठी झालेलं असतं. सीपीएनपीच्या पुढे पीसी आणि एसी ही अक्षरं येतात ती याच फरकासाठी.

मानसिक आरोग्याबद्दल जास्त काळजी घ्या. एका मैत्रिणीच्या मुलाला नैराश्याचा त्रास होता. शाळेतल्या कुणीतरी एक नाव सुचवलं. क्लिनिकच्या फलकावर "मानसिक आरोग्य सेवा" असं ठळक लिहिलेलं. मी नाव तपासलं तेव्हा सर्टिफिकेशन फॅमिलीचं निघालं, मानसिक आरोग्याचं नव्हतं. फॅमिलीच्या नर्स प्रॅक्टिशनर नैराश्यावरची साधी औषधं सुरू करतात, त्यात गैर काही नाही. पण त्या मुलाला त्याआधी दोन औषधं लागू पडली नव्हती. अशा वेळी मानसिक आरोग्याचं खास शिक्षण घेतलेलं कुणीतरी हवं. आम्ही दुसरं नाव शोधलं. पहिल्या बाईंनी कुणाला फसवलं नव्हतं, त्यांचं लायसन्सही स्वच्छ होतं, फक्त त्या मुलासाठी त्या योग्य नव्हत्या.

लायसन्स तपासायचं कसं? एकेक पायरी सांगा.

आधी पूर्ण नाव मिळवा, स्पेलिंगसकट. क्लिनिकच्या वेबसाइटवर नुसतं पहिलं नाव असेल तर फोन करून विचारा. नाव सांगायला कुणी का-कू करत असेल तर ती जागा माझ्या मते तिथेच बाद.

मग नर्सिस डॉट कॉम (Nursys.com) उघडा. ही वेबसाइट राज्यांच्या नर्सिंग बोर्डांची राष्ट्रीय संघटना एनसीएसबीएन चालवते, आणि तिच्यातली माहिती थेट बोर्डांकडून येते. तिथला "क्विककन्फर्म" हा शोध सगळ्यांना खुला आणि मोफत आहे. नाव आणि राज्य टाका. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती आल्या तर शहर आणि लायसन्सचा प्रकार जुळवून योग्य ती निवडा.

पान उघडल्यावर घाई करू नका. एका व्यक्तीच्या नावावर बहुधा दोन ओळी दिसतील, एक आरएनची आणि एक नर्स प्रॅक्टिशनरची. लोक पहिली ओळ बघून खूश होतात आणि पान बंद करतात. तुम्हाला दुसरी ओळ हवी आहे. आरएन चालू आणि नर्स प्रॅक्टिशनरची मुदत संपलेली, असंही असू शकतं. दुसऱ्या ओळीत चार गोष्टी वाचा : प्रकार, स्थिती, मुदत संपण्याची तारीख, आणि लायसन्सवर कारवाई झाली आहे का. हो म्हटलं असेल तर खालचा कारवाईच्या नोंदीचा प्रश्न वाचा.

त्यानंतर राज्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरही एकदा बघा. काही राज्यांची माहिती नर्सिसवर पूर्ण नसते, आणि कारवाईचे मूळ आदेश बहुधा राज्याच्याच पानावर मिळतात. हा शोध नेहमी "नर्सिंग बोर्ड" या नावाने सापडेल असं नाही. न्यूयॉर्कमध्ये तो शिक्षण खात्याच्या ऑफिस ऑफ द प्रोफेशन्सकडे आहे, इलिनॉयमध्ये फायनान्शियल अँड प्रोफेशनल रेग्युलेशन खात्याकडे, कॅलिफोर्नियात कन्झ्युमर अफेअर्सच्या लायसन्स शोधात, फ्लोरिडात आरोग्य खात्याकडे. कॅलिफोर्नियात एकाच व्यक्तीचे तीन नंबर दिसू शकतात : आरएन, नर्स प्रॅक्टिशनर आणि औषधं देण्याचा फर्निशिंग नंबर. तिन्ही बघा.

जाहिरातबाजीच्या वेबसाइट या शोधांच्या वरच येतात आणि "लायसन्स तपासा" म्हणून पैसे मागतात. सरकारी शोधाला पैसे लागत नाहीत. पत्ता डॉट गव्हवर संपतो का ते आधी बघा, कारण राज्यांचे शोध बहुधा तिथेच असतात.

"ॲक्टिव्ह" लिहिलंय. झालं ना?

बहुतेक वेळा झालं. पण प्रोबेशनवर असलेलं लायसन्सही चालू असू शकतं. अटी घालून काम करायची परवानगी असते. म्हणून स्थितीच्या शब्दाबरोबर कारवाईची ओळही वाचा. "एक्स्पायर्ड" किंवा "लॅप्स्ड" म्हणजे नूतनीकरण झालेलं नाही. "इनॲक्टिव्ह" म्हणजे त्या व्यक्तीने काम थांबवलेलं आहे. "सस्पेंडेड", "रिव्होक्ड" आणि "सरेंडर्ड" यांत काम करायची परवानगी नाहीच, कुणी काहीही कारण सांगो.

कारवाईची नोंद सापडली. नाव लगेच सोडून द्यायचं का?

आदेश वाचा, मग ठरवा. तो पीडीएफमध्ये असतो, भाषा कोर्टाची आणि कंटाळवाणी असते, पण काय घडलं ते त्यात लिहिलेलं असतं. मी असे आदेश कामासाठी वाचते. कधी सक्तीच्या शिक्षणाचे तास वेळेत पूर्ण न केल्याचा दंड असतो, पत्ता कळवायचा राहिलेला असतो. ते मी मनावर घेत नाही. औषधं चोरली, नशेत काम केलं, रुग्णाशी गैरवर्तन केलं, तपासल्याशिवाय निदान लिहिलं, यातलं काही असेल तर मी स्वतःच्या घरच्यांना तिकडे पाठवणार नाही, मग घटना कितीही जुनी असो. मधल्या प्रकरणांत तारीख आणि त्यानंतरची वर्षं बघा. आरोप आणि सिद्ध झालेली गोष्ट यांतला फरकही लक्षात ठेवा. नुसती तक्रार दाखल झाली आहे, चौकशी चालू आहे, हे बहुतेक राज्यं जाहीर करत नाहीत.

मेडिकेअर आणि मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी विमा) यांतून वगळलेल्या डॉक्टर-नर्स वगैरेंची यादी आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलचं कार्यालय ठेवतं. एलईआयई असं तिचं नाव. कुणीही नाव टाकून बघू शकतं. डॉक्टर-नर्सवरच्या कारवायांची केंद्रीय नोंद ठेवणारी नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक मात्र सामान्य माणसाला खुली नाही. ती बघून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

राष्ट्रीय सर्टिफिकेशन वेगळं का तपासायचं?

लायसन्स राज्य देतं, सर्टिफिकेशन खाजगी राष्ट्रीय संस्था देते, आणि दोन्हींच्या मुदती वेगळ्या. एएनसीसी आणि एएएनपीसीबीचं सर्टिफिकेशन पाच वर्षांनी नवं करावं लागतं. बहुतेक राज्यांत सर्टिफिकेशनशिवाय लायसन्स मिळत नाही, पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या वाटेनेही परवानगी मिळते. तिथे नावापुढची अक्षरं आहेत की नाहीत हे मुद्दाम बघावं. या संस्थांच्या वेबसाइटवर पडताळणीची सोय असते, पण काही ठिकाणी जास्त तपशील भरावे लागतात. ते किचकट वाटलं तर क्लिनिकला विचारा : "यांचं सर्टिफिकेशन कोणत्या संस्थेचं आहे आणि कोणत्या रुग्णगटाचं?" क्लिनिककडे ते कागद असतातच, इन्शुरन्स कंपन्याही ते मागतात.

एनपीआय नंबर आहे. तेवढं पुरे का?

नाही. एनपीआय हा बिलांसाठीचा दहा आकडी ओळख क्रमांक आहे. त्यातला पत्ता आणि विशेष क्षेत्र त्या व्यक्तीने स्वतः भरलेलं असतं. नावाचं स्पेलिंग आणि कामाचं राज्य शोधायला तो उपयोगी पडतो, लायसन्सचा पुरावा म्हणून नाही.

नाव कुठेच सापडत नाही. फसवणूक आहे का?

लगेच तसं समजू नका. लग्नानंतर नाव बदलतं आणि लायसन्स माहेरच्या नावावर असतं. दोन आडनावांमध्ये छोटी आडवी रेघ असते. रोज वापरायचं नाव कागदावरच्या नावापेक्षा वेगळं असतं. आपल्याकडे "विद्या"ची स्पेलिंग किती तऱ्हांनी होतात ते आठवा. आडनाव आणि पहिल्या नावाची दोन-तीन अक्षरं टाकून पाहा. तरी नाही मिळालं तर क्लिनिककडे लायसन्स नंबर मागा. लायसन्स ही सार्वजनिक नोंद आहे, तो नंबर गुप्त नसतो. डीईए नंबर, म्हणजे कडक नियंत्रणातली औषधं लिहिण्यासाठीच्या नोंदणीचा नंबर, मात्र मागू नका. खोट्या प्रिस्क्रिप्शनच्या भीतीने तो कुणी देत नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

व्हिडिओवर बघणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनर दुसऱ्या राज्यात बसतात. चालतं का?

भेटीच्या वेळी रुग्ण ज्या राज्यात बसलेला आहे त्या राज्याची परवानगी त्यांच्याकडे हवी. आरएनसाठी अनेक राज्यांत चालणारं एक सामायिक लायसन्स आहे, पण ते नर्स प्रॅक्टिशनरच्या कामाला लागू होत नाही. नर्सिसवर आरएनच्या ओळीत "मल्टिस्टेट" दिसलं म्हणून समाधान मानू नका. मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली आणि जुन्याच बाईंशी व्हिडिओवर बोलायचं असेल तर हा प्रश्न नक्की येतो. भेट ठरवण्याआधी विचारून घ्या.

त्या स्वतःला "डॉक्टर" म्हणवतात. हे खरं?

डीएनपी ही डॉक्टरेट आहे, त्यामुळे पदवी म्हणून खोटं नाही. दवाखान्यात मात्र ऐकणाऱ्याचा समज चुकू शकतो, म्हणून काही राज्यांनी त्यावर बंधनं घातली आहेत. "आपण एमडी आहात की नर्स प्रॅक्टिशनर?" असं सरळ विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

पीए आणि नर्स प्रॅक्टिशनर एकच का?

नाही. पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. ते वेगळ्या शिक्षणातून येतात, त्यांची राष्ट्रीय परीक्षा एनसीसीपीए घेते आणि नर्सिसवर त्यांचं नाव मिळत नाही. त्यांना राज्याच्या मेडिकल बोर्डाकडे किंवा पीएच्या वेगळ्या बोर्डाकडे शोधा. मेडिकल असिस्टंट हे तिसरंच. ते रक्तदाब घेतात, वजन लिहितात, निदान करत नाहीत.

खोट्या पदव्या खरंच असतात?

असतात. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने फ्लोरिडातल्या एका मोठ्या प्रकरणात २५ जणांवर आरोप ठेवले. तीन नर्सिंग शाळांमधून ७,६०० हून अधिक बनावट पदव्या विकल्या गेल्याचं त्यात समोर आलं. ते प्रकरण साध्या नर्सिंगच्या पदव्यांचं होतं, पण त्यानंतर आमच्यासारख्यांच्या कामाची पद्धत कडक झाली. माणसाने हातात आणून दिलेली प्रत आम्ही पुरावा धरत नाही, मूळ संस्थेला विचारतो. भिंतीवरच्या चौकटीतल्या पदवीबद्दल तुम्हीही तेच करा.

तारे आणि रिव्ह्यू बघावेत का?

वाट बघायला किती वेळ लागतो, फोन उचलतात का, बोलणं तुटक आहे का, हे त्यातून कळतं. निदान बरोबर होतं का, हे कळत नाही. मी ते सगळ्यात शेवटी वाचते.

फोनवर एवढं विचारलं तर त्यांना अपमान वाटेल का?

आपल्या माणसांना ही भीती फार वाटते. इथे मात्र रिसेप्शनवर हे प्रश्न रोज येतात. मी पुढचे शब्द लोकांना लिहून देते : "नमस्कार, मला नवीन पेशंट म्हणून यायचं आहे. नर्स प्रॅक्टिशनरचं पूर्ण नाव आणि सर्टिफिकेशन सांगाल का? गरज पडली तर त्या कोणत्या डॉक्टरशी सल्लामसलत करतात? सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चटकन आलं तर ती जागा नीट चालते, असा माझा अनुभव आहे.

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले आहेत. खर्चाचं काय?

त्यांचा प्रवासी विमा बरेचदा क्लिनिक थेट घेत नाही, आधी पैसे भरून मग क्लेम करावा लागतो. इन्शुरन्स नसलेल्याला किंवा न वापरणाऱ्याला क्लिनिकने आधी लेखी खर्चाचा अंदाज द्यावा, असा नियम २०२२ पासून लागू आहे. त्याला "गुड फेथ एस्टिमेट" म्हणतात. मागितलात तर देणं भाग आहे. बिल त्या अंदाजाहून ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त आलं तर १२० दिवसांच्या आत दाद मागता येते. तो कागद जपून ठेवा. आणि भारतातल्या औषधांची नावं ब्रँडने न सांगता त्यातल्या मूळ औषधाच्या नावाने लिहून न्या, इथे ते ब्रँड कुणाला माहीत नसतात.

आईला इंग्रजी जमत नाही.

केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या क्लिनिकला आणि हॉस्पिटलला मोफत दुभाषी द्यावा लागतो, आणि जवळजवळ सगळेच तो पैसा घेतात. अपॉइंटमेंट घेताना "मराठी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीचा दुभाषी येतो. बहुधा फोनवरून सोय होते. मुलाने किंवा सुनेने भाषांतर करण्यापेक्षा हे बरं. आईला काही गोष्टी मुलासमोर बोलायच्या नसतात.

बोटॉक्स आणि लेझरच्या ठिकाणी नर्स प्रॅक्टिशनर असतात. तिथे पण तपासायचं?

तिथे तर जास्तच. सुई कोण टोचणार त्याचं नाव आधी विचारा, पाटीवरचं नाव नाही. मग तेच नाव नर्सिसवर टाका.

काही चुकीचं घडलं तर तक्रार कुठे करायची?

राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे. वकील लागत नाही, फॉर्म ऑनलाइन असतो. तारीख, ठिकाण, काय सांगितलं, काय केलं, एवढं क्रमाने लिहा आणि रेकॉर्डच्या प्रती जोडा. स्वतःचं रेकॉर्ड मागणं हा तुमचा हक्क आहे. बिलाची भांडणं बोर्ड सोडवत नाही, ती इन्शुरन्स कंपनीकडे किंवा राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे न्या. चौकशीला कित्येक महिने लागतात. पण कारवाईची नोंद झाली तर पुढच्या माणसाला ती लायसन्सच्या पानावर दिसते.

एकदा तपासलं. पुन्हा कधी बघायचं?

मुदत संपायच्या तारखेला. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये लायसन्स दर दोन वर्षांनी नवं होतं, न्यूयॉर्कमध्ये नोंदणी तीन वर्षांची. पहिल्यांदा बघाल तेव्हाच ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, आणि शेजारी नर्स प्रॅक्टिशनरचं पूर्ण नाव आणि लायसन्स नंबर लिहा. पुढच्या वेळी दोन मिनिटांत होतं.